पुन्हा बांधता येणारे व्हेप ॲटमायझर : कापूस, रेयॉन आणि हवा, कुणाचं काय जमलंय?

गोदाकाठचा (मूळ नांदेड, सध्या मँचेस्टर)

राम राम मंडळी. विषय थोडा आडवाटेचा आहे. पण बाहेरदेशी गेलेली आपल्याकडची बरीच पोरं इथं आहेत आणि त्यातली काही सिगारेट सोडून व्हेपवर आलीत, म्हणून इथंच टाकतोय.

१ जून २०२५ पासून इंग्लंडात वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आली. माझ्या भोवतालच्या बहुतेकांनी तयार पॉड (आयती डबी बसवायचे व्हेप) घेतले आणि मोकळे झाले. मला मेली खटपटीची हौस. मी आरटीए घेतला, म्हणजे पुन्हा बांधता येणारा टाकीवाला ॲटमायझर (व्हेपचा लिक्विड तापवून वाफ करणारा भाग). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्यात तार आपण वळायची (हीच कॉइल), कापूस आपण भरायचा आणि वर लिक्विडची छोटी टाकी. टाकी नसलेला, थेंब थेंब टाकून ओढायचा तो आरडीए. तयार कॉइल जळाली की फेका आणि नवी आणा, हे चक्र तरी सुटतं. तारेचं रीळ आणि कापसाचं पाकीट कितीही वापरलं तरी संपता संपत नाही.

माझ्याकडे सध्या दोन आहेत. एक मोठ्या हवेचा, वरून हवा घेणारा, दोन कॉइलचा. तो मस्त चालतो. दुसरा एमटीएल, म्हणजे सिगारेटसारखा आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचा. हवा आवळलेली, एकच कॉइल. हा दुसरा मला छळतोय. पहिले चार झुरके झकास, मग गुरगुर, मग खालच्या भोकातून लिक्विड हातावर. कापूस वाढवला की घशाला करपट चटका. कमी केला की परत गळती. मधलं काही सापडेना.

तीन प्रश्न. कापूस बरा की रेयॉन? हवा खालून चांगली की वरून? आणि डेक (कॉइल बसते ती बैठक) बदलून फरक पडेल का, की मीच कुठंतरी चुकायलोय?

---

व्यवस्थापक

धागा ठेवतोय, पण आधी नियम. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आणि त्याच डिसेंबरात कायदा होऊन ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, वाहतूक, जाहिरात सगळं बंद झालं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा केला तरी सहा महिने किंवा ५० हजार. त्यामुळे "संभाजीनगरात कुठं मिळतं", "येताना माझ्यासाठी एक घेऊन ये" असले प्रतिसाद उडवले जातील. जिथं कायदेशीर आहे तिथल्या सज्ञान लोकांनी आपसात बोलावं.

---

वाळूजवाला

भौ, मी ओढत नाही, पण सर्किट आणि बॅटऱ्यांत आयुष्य चाललंय, म्हणून आधी एकच विचारतो. कॉइल किती ओहमची आणि खाली कोणतं यंत्र लावलंय? चिप असलेलं की नुसती नळी, बॅटरी थेट कॉइलला जोडणारी?

---

गोदाकाठचा

एमटीएलला २८ गेज (जाडीचं माप) कांथल तार, अडीच मि.मी.च्या दांड्यावर सहा वेढे, मीटरवर १.१ ओहमच्या आसपास दाखवतं. १२-१३ वॅटवर ओढतो. मोठ्यात २६ गेजच्या दोन, तीन मि.मी.वर सहा-सहा वेढे, मिळून ०.४. यंत्र चिपवालंच आहे, घरी पोरगं आहे, नळीच्या भानगडीत पडत नाही.

---

वाळूजवाला

मग निम्मी काळजी मिटली. ०.४ ओहमवर भरलेली बॅटरी थेट लावली तर ४.२ व्होल्टला साडेदहा अँपिअर. चांगल्या १८६५० मापाच्या सेलला ते जड नाही. चिप नसलेल्या नळीत मात्र ०.१ ओहमची कॉइल लावून ४२ अँपिअर मागणारे महाभाग असतात. तिथं अडवणारं कुणी नाही, सेल तापतो आणि आतला वायू कोंडला की फुटतो. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्सासात अशा स्फोटात माणसं गेलीत. सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टण जरा जरी फाटलं तरी बदलून घे, आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नको. बस, माझं संपलं. गळतीचं दुसरे सांगतील.

---

लातूरची_लेक (श्टुटगार्ट)

दादा, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी नाहीत, गाठ एकच आहे. तुम्ही मोठ्या हवेच्या टाकीत जसा कापूस भरता तसाच एमटीएलमध्ये भरायलालाव, बरोबर?

आपण झुरका घेतो तेव्हा कॉइलच्या खोलीत दाब कमी होतो. हवा भोकातून आत येते, पण त्याच ओढीनं टाकीतलं लिक्विडही कापसातून आत खेचलं जातं. हवेची वाट रुंद असेल तर दाब फारसा घटत नाही, लिक्विड आपल्या चालीनं येतं. वाट आवळली की तुम्ही तेवढ्याच जोरानं ओढता, हवा पुरेशी येत नाही, आणि ती ओढ लिक्विडवर पडते. म्हणून मोकळ्या हवेत जो कापूस बेताचा वाटतो तोच आवळलेल्या हवेत पूर आणतो. आणि त्यात १२ वॅटची छोटी कॉइल, ती ४५ वॅटच्या जोडीइतकं लिक्विड उडवूच शकत नाही. येणारं जास्त, जाणारं कमी.

तेव्हा डेक बदलू नका. कॉइलमधला कापूस तेवढाच ठेवा, तो बाहेर ज्या खाचांवर (लिक्विड आत यायच्या वाटांवर) बसतो तिथली त्याची शेपटं बघा.

मी काय करते ते लिहिते. अडीच मि.मी.च्या कॉइलमधून कापसाची पट्टी ओढताना थोडा अडसर जाणवला पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. हलली तर जास्त आहे. मग शेपटं डेकच्या कडेपर्यंत तिरकी कापायची. चिमट्यानं विंचरून मोकळी करायची, एमटीएलला फार विरळ करायची नाहीत, मोकळ्या हवेच्या टाकीला निम्मी विरळ केली तरी चालतात. खाच पूर्ण झाकली गेली पाहिजे, कोपऱ्यात उजेड दिसला तर तिथूनच गळणार. पण ठासायची नाहीत. आपल्या आज्ज्या समईची वात वळताना घट्ट पीळ देत नाहीत, घट्ट वातीला तेल चढत नाही. तेच इथं. तुम्ही "कापूस वाढवला" म्हणता तेव्हा तो खाचेत दाबून बसवता, म्हणून वाट बंद होऊन करपट लागतं.

हे झाल्यावर कापूस लिक्विडनं पूर्ण भिजवा. पांढरी जागा दिसते आहे तोवर टाकी लावू नका. लावल्यावर थोडा वेळ थांबा.

दुसरी गोष्ट, भरताना. टाकीचं झाकण उघडलं की आतला ताण जातो आणि लिक्विड सरळ खाली बसतं. लिक्विडची वाट बंद करायची सोय असेल तर आधी ती बंद करा. नसेल तर हवेची कडी (भोकं झाकणारी फिरती कडी) बंद करून भरा, झाकण लावा, मग टाकी उलटी धरून कडी उघडा. तुमची निम्मी गळती भरतानाची असेल असं मला वाटतं.

---

धाराशिवकर (दुबई)

ताईंचं सोळा आणे खरं. इकडं एक भर घालतो. लिक्विडचं प्रमाण काय हे कुणी विचारलंच नाही. ७०:३० म्हणजे सत्तर टक्के ग्लिसरीन, ते घट्ट. ५०:५० पातळ. एमटीएलला लोक पन्नास-पन्नासच वापरतात, ते कापसातून पळतं. आणि थंडी-उन्हाचाही खेळ आहे. दुबईत उन्हाळ्यात गाडीत ठेवलं की घट्ट लिक्विडही पाण्यासारखं होतं आणि सीटवर सांडतं. मी मे ते सप्टेंबर ७०:३० वर जातो, शेपटं थोडी जास्त ठेवतो. तुमच्या मँचेस्टरात उलटं, हिवाळ्यात घट्ट लिक्विड वर चढायला कुरकुर करणार.

आणखी एक, विमानात टाकी भरलेली नको. वर गेल्यावर केबिनचा दाब कमी होतो, टाकीतली अडकलेली हवा फुगते आणि लिक्विड बाहेर ढकलते. रिकामी करून ठेवायची. (भारताच्या विमानात तर न्यायचंच नाही, वर व्यवस्थापकांनी सांगितलंय. मी सुट्टीला येतो तेव्हा सगळं इकडंच कपाटात.)

---

माळकरी_बीड

चर्चा वाचायलो सकाळपासून. एवढी तार वळा, कापूस विंचरा, हवा मोजा. त्यापेक्षा सोडून का देत नाहीत लेको? आमच्या बापानं गायछाप मळत आयुष्य काढलं, एक दिवस डॉक्टरनं दम दिला आणि पुडी उकिरड्यावर फेकली. खटपट शून्य.

---

गोदाकाठचा

काका, तुमच्या वडलांना दंडवत. माझ्याकडून तसं झालं नाही. सिगारेट सुटली ती ह्यामुळे. निकोटिन अजून सुटलं नाही, हेही खरं. १२ मि.ग्रॅ.वरून ६ वर आलोय.

---

मेडिकलवाला_उदगीर

काकांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

निकोटिनचं व्हेप वापरून सिगारेट सुटण्याचं प्रमाण च्युइंगगम, पट्ट्यांपेक्षा जास्त असतं, हे कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात भक्कम पुराव्यानिशी आलेलं आहे. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा म्हणूनच सिगारेट ओढणाऱ्याला ते सुचवते. आपल्याकडे आयसीएमआरनं (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं) मे २०१९ मध्ये उलट भूमिका घेतली, पूर्ण बंदी घाला म्हणून. त्यांचं म्हणणं असं की न ओढणारी पोरं ह्या वाटेनं निकोटिनला लागतील आणि दूरच्या परिणामांचा भरवसा नाही. आपल्या महाविद्यालयांच्या बाहेरच्या टपऱ्या बघितल्या की ही भीती फुकाची नाही वाटत. दोन्ही आपापल्या जागी. जो ओढत नाही त्यानं हे सुरू करण्यात काडीचा शहाणपणा नाही.

इकडच्या वाचकांसाठी: २ मि.ग्रॅ.चं निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं आणि तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे. जर्दा-गुटख्यालाही चालते.

आता हात जोडून एक. घरगुती प्रयोगात तेल घालू नका. निलगिरी, पुदिन्याचं तेल, केकचा तेलकट अर्क, काही नको. फुप्फुसात तेल जाणं वाईटच. २०१९ मध्ये अमेरिकेत पोरांची फुप्फुसं निकामी झाली त्या प्रकरणात मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काडतुसात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं, तेही तेलच. आणि गोदाकाठचा भाऊ, पोरगं घरी आहे म्हणालात. लिक्विडची बाटली औषधासारखी कुलपात. लहान लेकराला थोडंसं पोटात गेलं तरी विषबाधा होते, आणि वास गोड असतो.

---

गोदाकाठचा

बाटली कुलपातच आहे. ताई, उद्या तुम्ही सांगितलं तसं करून बघतो. पण रेयॉनचं कुणीच बोललं नाही. इथले जुने लोक रेयॉनवर फिदा आहेत.

---

परभणीची_सरकी

आता बोलू द्या मला. व्हेपमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण कापसातच केस पिकलेत. वाचताना हात शिवशिवायलेत.

मंडळी, शेतातला कापूस, नुसता जिनिंग केलेला, पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाकून बघा. तरंगत राहतो. बोटानं दाबला तरी वर येतो. कारण धाग्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, निसर्गानं पावसासाठी दिलेला. औषधी कापूस टाका, तो बघता बघता भिजून तळाला. औषधी कापसाची चाचणीच ही असते, दहा सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. फरक इतकाच की दुसरा कॉस्टिक सोड्यात दाबाखाली उकळून मेण काढलेला आणि मग ब्लीच केलेला असतो. ब्लीच न केलेला, मातकट रंगाचा "ऑरगॅनिक" म्हणून तुमच्याकडं विकतात, त्यातही उकळणं झालेलंच असतं, नाहीतर तो लिक्विड पिणारच नाही. रंगावर जाऊ नका. सरकीच्या सालाचे तपकिरी ठिपके दिसले तर साफसफाई नीट झालेली नाही, एवढं बघा.

म्हणून कुणी पोरगं सुट्टीत गावाकडनं कापूस पिशवीत भरून नेत असेल "आपल्या रानातला शुद्ध" म्हणून, तर नको. एक तर मेण, दुसरं बोंडअळीसाठी मारलेली औषधं, तिसरं जिनिंगची धूळ. घरी पातेल्यात उकळल्यानं थोडं निघतं, सगळं नाही.

आता धाग्याचं. कापसाचा धागा आतून पोकळ असतो, वाळला की चपटा होऊन स्वतःभोवती पीळ घेतो. त्या पिळांमुळे धाग्या-धाग्यांत फटी राहतात, त्याच फटीतून द्रव वर चढतो. भिजल्यावर धागा फुगतो. आपला देशी कापूस, अर्बोरियम जातीचा, आखूड आणि जाडा. गिरणीला नको असतो, पण द्रव छान पितो आणि दाबला तरी परत उठतो, म्हणून औषधी कापसाला देशीच मागायचे. इथं परभणीच्या कृषी विद्यापीठात लांब धाग्याचे देशी वाण काढलेत, पीए मालिकेतले. पण शेतकरी अजून बीटी संकरितच लावतो, बाजार तिकडं आहे. नांदेड-४४ ह्या जुन्या संकरित वाणाचं बियाणं मिळावं म्हणून लोक रांगा लावायचे ते दिवस गेले. असो, मी भरकटतो.

रेयॉन म्हणजे लाकडाचा लगदा विरघळवून परत धागा ओढलेला. सेल्युलोजच, पण आत पोकळी नाही, नैसर्गिक पीळ नाही. हे वापरात कसं दिसतं ते तुम्ही सांगा.

---

लातूरची_लेक

दादा, बरं केलंत लिहिलंत. वापरात असं दिसतं: कापूस भिजला की फुगतो, म्हणून कोरडा असताना मोकळा ठेवावा लागतो. रेयॉनचा बोळा भिजल्यावर फुगलेला दिसत नाही, उलट बसतो. म्हणून रेयॉन कॉइलमध्ये चांगला घट्ट भरावा लागतो, इतका की कापूस तसा भरला तर पहिल्या झुरक्याला करपेल. कापसाच्या सवयीनं रेयॉन सैल भरतात आणि "रेयॉन बेकार" म्हणतात.

फायदा म्हणजे रेयॉन लिक्विड भराभर ओढतो आणि स्वतःची चव लावत नाही. कापसाला सुरुवातीला थोडी चव असते, दोन-चार झुरक्यांत जाते. तोटा म्हणजे एकदा कोरडा पडून भाजला की संपला, कापूस जरा सावरून घेतो.

माझं मत विचाराल तर मोठ्या वॅटच्या, मोकळ्या हवेच्या आरडीएत रेयॉन बरा, कारण तिथं वेग हवा. एमटीएलमध्ये आपल्याला वेग आवरायचाय, तिथं रेयॉन कशाला? कापूस घाला. बाकीची नावं ऐकू येतात, त्यातलं सिलिका पहिल्या काळात होतं, काचेचे सूक्ष्म तुकडे नको म्हणून गेलं. स्टीलच्या जाळीची सुरळी करून वात करायचे तेही जुने शौकीन करतात, मला वेळ नाही.

---

धाराशिवकर

आता हवेवर या की! माझा मुद्दा सरळ आहे. वरून हवा घेणारा डेक गळत नाही, कारण भोक लिक्विडच्या पातळीच्या वर. गीकव्हेप कंपनीचा झ्यूस वगैरे आरटीए त्यासाठीच लोकांनी डोक्यावर घेतले. हवा वरून येऊन वळून कॉइलच्या बाजूला आदळते. माझ्यासारख्या गाडीत फिरणाऱ्याला तेच बरं.

---

लातूरची_लेक

गळत नाही हे मान्य. चव? हवा जेवढी वळणं घेते तेवढा तिचा वेग मरतो. खालून सरळ कॉइलच्या पोटावर येणाऱ्या हवेची धार वेगळीच. कायफन आणि द्वार्फ ह्या खालून हवेच्या आरटीएंच्या वाटेला लोक इतकी वर्षं जातात ते उगाच नाही, छोटी खोली आणि कॉइलच्या अगदी खाली बारीक भोक. खोली मोठी असली की वाफ तिथंच थंड होऊन भिंतीला लागते. तुम्ही झ्यूसमध्ये दोन मोठ्या कॉइल लावता म्हणून चव भागते, लिक्विडचं बिल बघा.

---

धाराशिवकर

बिल बघितलं की रडू येतं, ते विचारू नका.

---

वाळूजवाला

मध्ये तोंड घालतो. तुम्ही लोक भोकाच्या मि.मी.वर बोलता, पण हवा क्षेत्रफळातून जाते. १.२ मि.मी.चं भोक म्हणजे साधारण १.१३ चौरस मि.मी. २ मि.मी.चं म्हणजे ३.१४. व्यास पावणेदोनपटही नाही झाला, वाट जवळपास तिप्पट झाली. म्हणून कडी किंचित सरकवली तरी झुरका एकदम सैल लागतो. आणि एक मि.मी.ची दोन भोकं मिळून १.५७, दीड मि.मी.चं एकच भोक १.७७. वर बारीक भोकात कडेचं घर्षण जास्त. म्हणजे "दोन भोकं उघडी आहेत" ह्याला काही अर्थ नाही, कोणती दोन ते सांगा.

गोदाकाठच्या, तुझ्या एमटीएलमध्ये बदलायच्या बारीक नळ्या येतात का?

---

गोदाकाठचा

येतात. ०.८ पासून १.६ पर्यंत. मी ०.८ लावली होती, सिगारेटसारखी घट्ट पाहिजे म्हणून. आता कळलं घोडं कुठं पेंड खात होतं.

---

लातूरची_लेक

०.८? दादा, ती आवळलेल्यातली आवळलेली. १.२ लावा. सिगारेटचा झुरका तुम्हाला आठवतो तितका घट्ट नसतो.

---

गोदाकाठचा

अहवाल देतो. १.२ ची नळी, शेपटं विंचरून खाच नुसती झाकली, भरताना हवा बंद. गुरगुर गेली. झुरक्याला एखादा बुडबुडा वर येतो, तेवढंच. करपट लागत नाही. रेयॉनचं पाकीट मोठ्या आरटीएत घट्ट भरून बघितलं, तिथं मात्र जुने लोक खरे निघाले, लागोपाठ झुरक्यांनाही कोरडा पडत नाही.

चवीचं ताईंचं बरोबर. त्याच लिक्विडमधला वेलदोड्याचा वास छोट्या टाकीत स्पष्ट येतो, मोठ्यात नुसता गोडवा.

आणि पैशाचं. इथं १ ऑक्टोबर २०२६ पासून लिक्विडवर १० मि.लि.ला २.२० पौंड कर ठरलाय, निकोटिन असो नसो. मोठी टाकी दिवसाला जे पिते ते धरलं तर मला मुकाट्यानं एमटीएलवरच यावं लागणार.

---

लातूरची_लेक

आमच्या इथं जर्मनीत २०२२ च्या जुलैपासूनच प्रत्येक मि.लि.ला कर आहे. मोठी टाकी मी तेव्हाच बहिणीच्या नवऱ्याला दिली (तोही इथंच असतो, व्यवस्थापक, काळजी नको).

---

नवखा_हिंगोली (टोरांटो)

सगळा धागा वाचला, छान चाललंय. एक विचारू? ह्यात कांथलच का? स्टीलची तार लावून तापमान बांधून ठेवता येतं म्हणतात, मग करपण्याचा प्रश्नच नाही.

---

वाळूजवाला

ह्याचं उत्तर माझ्याकडं. यंत्र तापमान मोजत नाही, रोध (तार विजेला करते तो अडथळा) मोजतं. स्टील ३१६एल, निकेल, टायटॅनियम तापले की त्यांचा रोध ठरावीक प्रमाणात वाढतो, त्यावरून चिप अंदाज बांधते. कांथलचा रोध जवळजवळ हलतच नाही, म्हणून तिथं हा खेळ चालत नाही. स्टील लावून २१० अंशांच्या आसपास बांधलं तर लिक्विड संपल्यावर चिप वीज आखडते, कापूस वाचतो. पण थंड असतानाचा मूळ रोध नीट घेतला नाही, किंवा तारेचा पाय स्क्रूखाली सैल राहिला, तर सगळा अंदाज चुकतो. टायटॅनियम कोरडं लालभडक करू नका, अंगावर ऑक्साइडची भुकटी धरते.

---

मेडिकलवाला_उदगीर

आणि त्या करपट झुरक्याला चवीचाच प्रश्न समजू नका. कोरड्या कापसावर ग्लिसरीन जास्त तापलं की ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. घसा खवखवतो तो त्यामुळे. करपट लागला की "अजून एक ओढून बघतो" करू नका, कापूस बदला.

---

माळकरी_बीड

परभणीकर, त्या देशी कापसाच्या पीए वाणाचं बियाणं विद्यापीठात मिळतं का यंदा? कोरडवाहू दोन एकर आहे. बाकीच्यांचं चालू द्या.

---

परभणीची_सरकी

काका, खरिपाच्या आधी, मे महिन्यात विद्यापीठाचा बियाणं विक्रीचा मेळावा असतो, तिथं विचारा. भारी काळी जमीन नसली तरी चालतं, देशीला पाणी कमी लागतं. आणि वेचणी वेळेत करा, बोंडातून गळून मातीत पडतो.

---

नवखा_हिंगोली

धन्यवाद वाळूजवाले. स्टीलच वळतो मग, २६ गेज आणली आहे. तीन मि.मी.वर सहा वेढे घेतले तर मीटरवर फारच कमी दाखवतंय, बरोबर आहे का?

---

वाळूजवाला

बरोबर आहे. स्टीलचा रोध कांथलच्या निम्म्याच्या आसपास. वेढे वाढव किंवा २८ गेज घे. दोन वेढे एकमेकांना अर्धवट चिकटले की मध्येच एक जागा आधी लाल होते. कमी वॅटवर हळू तापवून चिनीमातीच्या टोकाच्या चिमट्यानं दाबून घे, मधून बाहेर एकसारखा रंग पसरला की मग कापूस. स्टीलच्या चिमट्यानं चालू कॉइलला हात लावू नको.